प्रादेशिक ओरिएंटिअरिंग लीग : मोसमाची आखणी आणि गुणांकन

ओरिएंटिअरिंग हा नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे अनोळखी प्रदेशात वाट शोधत धावण्याचा खेळ आहे. स्पर्धकाच्या हाती नकाशा पडतो तो सुटण्याच्या क्षणी. त्यावर दाखवलेली ठिकाणे, म्हणजे कंट्रोल, ठरलेल्या क्रमाने गाठायची, प्रत्येक ठिकाणी पोचल्याची खूण कार्डावर उमटवायची आणि कमीत कमी वेळात परतायचे, एवढाच नियम. दोन कंट्रोलमधली वाट कोणती धरायची हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. त्यामुळे वेगवान धावपटू चुकीचा नाला धरून मागे पडतो आणि नकाशा नीट वाचणारा मध्यम वेगाचा खेळाडू पुढे निघून जातो.

हा खेळ स्कँडिनेव्हियातल्या लष्करी सरावातून आला. नागरिकांसाठी पहिली स्पर्धा १८९७ मध्ये नॉर्वेत झाली. स्वीडनमधील अर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवून खेळाला आजचे रूप दिले. आंतरराष्ट्रीय ओरिएंटिअरिंग महासंघ १९६१ मध्ये स्थापन झाला आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६६ मध्ये फिनलंडमध्ये झाली. भारतात नकाशावाचनाची ओळख प्रामुख्याने सैन्यदले, राष्ट्रीय छात्रसेना आणि स्काउट-गाइड चळवळीतून होते. एखाद्या जिल्ह्यात लीग सुरू करायची तर पहिले खेळाडू आणि पहिले कार्यकर्ते याच मंडळींतून मिळतात.

एक स्पर्धा आणि लीग यांत मोठा फरक आहे. स्पर्धा एका सकाळी संपते. लीगमध्ये पाच-सहा महिन्यांत वेगवेगळ्या जागी फेऱ्या होतात आणि सर्व फेऱ्यांच्या गुणांवरून मोसमाचा विजेता ठरतो. फेऱ्या कमी-अधिक अवघड असतात, काही खेळाडू एखादी फेरी चुकवतात, काहींना ती भरवण्याचे काम करावे लागते. या सगळ्यांना न्याय मिळेल अशी गुणपद्धत पहिल्या फेरीपूर्वी लिहून जाहीर करणे, हा लीग चालवण्याचा पाया आहे.

पुढील विवेचन यवतमाळ जिल्ह्यातील लोहारा हे केंद्र धरून केले आहे. लोहारा यवतमाळ शहराला लागून आहे. औद्योगिक वसाहत आणि जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय याच भागात आहेत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, बेसाल्टच्या पठारावर वसले असून भोवती बुटक्या टेकड्या, नाले, गायरान आणि सागाचे जंगल आहे. येथून अमरावती सुमारे ९० किलोमीटरवर, तर वर्धा त्याहून जवळ आहे. म्हणजे तीन जिल्ह्यांचे खेळाडू सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतू शकतील, अशी ही जागा आहे.

मोसमाचे वेळापत्रक

मोसम ठरवताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : हवामान, शेती आणि परीक्षा. जून ते सप्टेंबर काळ्या मातीच्या चिखलात धावता येत नाही. गवत आणि घाणेरी कमरेएवढी वाढलेली असते आणि सापांचा वावरही जास्त असतो. मार्चनंतर विदर्भाचा उन्हाळा मैदानी खेळाला प्रतिकूल ठरतो. शेतीचा विचार केला तर सोयाबीन साधारण ऑक्टोबरमध्ये निघते, पण कापसाची वेचणी आणि उभी तूर जानेवारीपर्यंत शेतात असते. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आणि दहावीची त्यानंतर सुरू होते.

या चौकटीत आठ फेऱ्यांचा मोसम बसतो. ऑक्टोबरमध्ये दोन फेऱ्या शाळा-महाविद्यालयांच्या आवारात घ्याव्यात. त्या वेळी रान अजून दाट असते आणि नवख्यांना सुरुवातीला छोटा, सुरक्षित परिसरच हवा असतो. दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये एक, डिसेंबर आणि जानेवारीत प्रत्येकी दोन फेऱ्या टेकड्यांवर व माळरानावर घ्याव्यात. शेवटची फेरी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ठेवावी. तोवर सागाची पाने गळू लागतात आणि जंगलात दूरवर दिसते. दोन फेऱ्यांमध्ये किमान दोन आठवड्यांचे अंतर असावे, नाहीतर मार्ग आखणाऱ्यांची आणि निकाल तयार करणाऱ्यांची दमछाक होते.

प्रत्येक फेरीसाठी दोन माणसे नावानिशी नेमावीत. एक मार्गनियोजक, जो कंट्रोल कुठे असावेत हे ठरवतो. दुसरा तपासनीस, जो नियोजकाशिवाय स्वतंत्रपणे प्रत्येक कंट्रोलची जागा प्रत्यक्ष जाऊन पडताळतो. या खेळात सर्वांत जास्त फेऱ्या चुकीच्या जागी लावलेल्या एका कंट्रोलमुळे बिघडतात. दुसऱ्या डोळ्यांनी केलेली पडताळणी हा त्यावरचा भरवशाचा उपाय आहे.

जागा आणि परवानग्या

जागेची निवड करताना ती कोणाच्या ताब्यात आहे हे प्रथम पाहावे. शाळा-महाविद्यालयाच्या आवारासाठी प्राचार्यांची, औद्योगिक वसाहतीच्या मोकळ्या भागासाठी औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थानिक कार्यालयाची, गायरानासाठी ग्रामपंचायतीची लेखी संमती घ्यावी. वनजमिनीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यामार्फत उपवनसंरक्षकांकडे अर्ज करावा. अर्जासोबत नकाशा, अपेक्षित संख्या, वेळ आणि जागा जशी होती तशी स्वच्छ करून देण्याची हमी जोडावी. पोलीस ठाण्यालाही कळवून ठेवावे. टिपेश्वर आणि पैनगंगा ही जिल्ह्यातील दोन अभयारण्ये लीगसाठी पूर्णपणे वर्ज्य समजावीत.

अभयारण्याबाहेरचे जंगल वाघापासून मोकळे असते असे गृहीत धरू नये. टिपेश्वरमधला कॉलर लावलेला एक नर वाघ २०१९ मध्ये १३०० किलोमीटरहून अधिक चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. राळेगाव-पांढरकवडा भागात माणसांचे बळी गेल्यानंतर 'अवनी' वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली, हेही जिल्ह्याच्या स्मरणात आहे. या खेळात स्पर्धक एकेकटा, शांतपणे, वाट सोडून धावतो. म्हणून फेरीच्या आदल्या आठवड्यात वन विभागाकडून त्या भागातील वाघ, बिबट आणि अस्वलाच्या हालचालीची माहिती घ्यावी आणि शंका असेल तर फेरी आवारातल्या राखीव जागेवर हलवावी. अशी राखीव जागा प्रत्येक फेरीसाठी आधीच ठरलेली असली पाहिजे.

शेतजमिनीबाबत नियम साधा आहे : उभ्या पिकात कोणीही शिरायचे नाही. यात शेतकऱ्याचे नुकसान टळते आणि खेळाडूचा जीवही सुरक्षित राहतो. रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी अनेक शेतांभोवती झटका मशीनच्या तारा असतात आणि काही ठिकाणी थेट वीजप्रवाह सोडण्याचे बेकायदा, जीवघेणे प्रकारही होतात. त्यामुळे शेते नकाशावर प्रवेशनिषिद्ध रंगात दाखवावीत आणि शेतात शिरणारा स्पर्धक बाद होईल असा नियम करावा. मार्गही असा आखावा की शेतातून जाण्याचा मोहच होऊ नये.

नकाशे

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे पत्रक जागा शोधायला उपयोगी पडते, पण त्यावर स्पर्धा घेता येत नाही. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर असतो, आणि एखादा मोठा दगड किंवा छोटी घळ त्यात दिसत नाही. जंगलातील ओरिएंटिअरिंगचे नकाशे १:१५,००० किंवा १:१०,००० प्रमाणात आणि सहसा ५ मीटर समोच्च अंतराने काढले जातात. आवारातल्या छोट्या, वेगवान शर्यतीसाठी म्हणजे स्प्रिंटसाठी १:४,००० हे प्रमाण वापरतात. १:१०,००० च्या ए-फोर कागदावर सुमारे २.१ गुणिले ३ किलोमीटरचा प्रदेश मावतो. जिल्हा पातळीवरील फेरीला तो पुरून उरतो.

रंगांचा अर्थ आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणेच ठेवावा. तपकिरी रंग उंचसखलपणासाठी, निळा पाण्यासाठी, काळा खडक आणि मानवनिर्मित वस्तूंसाठी, पिवळा मोकळ्या जमिनीसाठी, हिरवा धावणे अवघड करणाऱ्या झाडोऱ्यासाठी असतो. सहज धावता येईल असे जंगल पांढरे सोडतात. मार्ग जांभळ्या रंगात छापतात : सुरुवातीला त्रिकोण, कंट्रोलला वर्तुळ, शेवटाला दुहेरी वर्तुळ. विदर्भात हिरव्या रंगाचे काम जिकिरीचे आहे, कारण ऑक्टोबरमध्ये गर्द असलेला झाडोरा फेब्रुवारीत विरळ होतो. म्हणून नकाशावर पाहणीचा महिना लिहावा आणि फेरीपूर्वी तेवढा भाग पुन्हा तपासावा.

नकाशा काढण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. 'ओपनओरिएंटिअरिंग मॅपर' हे रेखाटनाचे आणि 'पर्पल पेन' हे मार्ग आखण्याचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. उपग्रहचित्र, ओपनस्ट्रीटमॅपवरील रस्ते आणि उपग्रहीय उंचीच्या माहितीवरून काढलेल्या समोच्च रेषा हा कच्चा आधार झाला. खरा नकाशा मात्र पायी फिरूनच तयार होतो. एका चौरस किलोमीटर रानाच्या पाहणीला अनुभवी माणसालाही वीस-तीस तास सहज लागतात. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक माहितीविषयक मार्गदर्शक तत्त्वांमुळे भारतीय व्यक्ती व संस्थांना असे नकाशे तयार करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

पाहणीत स्थानिक खुणा नीट नोंदवाव्यात : नाल्याचे फाटे, शेतबांध, पाझर तलाव, शेततळे, विहीर, पांदण, बंद खदान, टेकडीवरचे सलग समतल चर. हे चर पाणलोट आणि वनीकरणाच्या कामांत खोदलेले असतात. गवतात ते दिसत नाहीत आणि धावणाऱ्याचा पाय मुरगळतो, म्हणून ते नकाशावर दाखवलेच पाहिजेत. वारूळ ही उत्तम खूण असली तरी तिथे कंट्रोल लावू नये, कारण सापांचा तो ठरलेला आसरा असतो. कठडा नसलेल्या विहिरीजवळून मार्ग नेऊ नये. आग्या मोहोळ दिसलेल्या झाडाभोवतीचा भाग पूर्ण वगळावा.

ओरिएंटिअरिंगच्या नकाशावरील उत्तर रेषा चुंबकीय उत्तरेच्या असतात. यवतमाळ परिसरात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक एक अंशाहून कमी असल्याने नवख्यांचे गोंधळ कमी होतात. होकायंत्र पारदर्शक पट्टीचे घ्यावे. युरोपासाठी संतुलित केलेल्या सुया आपल्या अक्षांशावर तिरप्या होऊन अडकू शकतात, म्हणून खरेदीपूर्वी ते आडवे धरून सुई मोकळी फिरते का हे पाहावे.

वर्ग आणि मार्ग

पहिल्या मोसमात चार मार्ग पुरेसे असतात. पहिला 'सोपा' : सर्व कंट्रोल वाटेवर, लांबी दीड ते दोन किलोमीटर, शाळकरी मुले व नवख्यांसाठी. दुसरा 'मध्यम' : कंट्रोल वाटेपासून थोडे आत, पण नाला, बांध किंवा कुंपणासारख्या लांबट खुणेला धरून जाता येईल असे. तिसरा 'कठीण-छोटा' आणि चौथा 'कठीण-लांब' : यांत समोच्च रेषा वाचल्याशिवाय कंट्रोल सापडत नाहीत. या दोहोंत फरक फक्त लांबीचा असतो. वयाने मोठे, महिला, कुमार आणि खुला गट यांना या मार्गांवर विभागावे. वय मोजताना त्या कॅलेंडर वर्षाच्या ३१ डिसेंबरला पूर्ण होणारे वय धरण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. लीगचा मोसम दोन वर्षांत पसरत असल्याने त्यातले कोणते वर्ष धरायचे ते नियमात स्पष्ट लिहावे.

मार्गाची लांबी किलोमीटरवरून न ठरवता विजेत्याच्या अपेक्षित वेळेवरून ठरवावी. आंतरराष्ट्रीय स्तरावर स्प्रिंटसाठी १२ ते १५ मिनिटे आणि मध्यम अंतरासाठी ३० ते ३५ मिनिटे धरतात. जिल्हा लीगमध्ये कठीण-लांब मार्गाचा विजेता ४५ ते ५० मिनिटांत यावा अशी आखणी योग्य ठरते. त्यामुळे शेवटचा स्पर्धक दीड-दोन तासांत परततो आणि ऊन चढण्याआधी फेरी संपते. चढाचा हिशेब करताना एक मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे दहा मीटर असे ढोबळमानाने धरावे. ४ किलोमीटरच्या मार्गावर १२० मीटर चढ असेल तर श्रमाच्या दृष्टीने तो ५.२ किलोमीटर झाला. एकूण चढ मार्गाच्या लांबीच्या चार टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा संकेत आहे.

कंट्रोलची निशाणी म्हणजे तीन बाजूंची, प्रत्येक बाजू ३० सेंटिमीटरची, तिरप्या रेषेने पांढरी आणि नारिंगी विभागलेली कापडी कंदिलासारखी खूण. प्रत्येक कंट्रोलला ३१ पासून पुढचा सांकेतिक क्रमांक देतात, म्हणजे मार्गातल्या अनुक्रमांकाशी त्याची गल्लत होत नाही. ६६, ६८, ८६, ८९, ९८ आणि ९९ हे क्रमांक आंतरराष्ट्रीय अंकांत उलटे वाचले तर घोटाळा होतो, म्हणून ते टाळावेत. रानातील नकाशावर दोन कंट्रोल ३० मीटरपेक्षा जवळ नसावेत. ज्या भूखुणांवर ते लावले आहेत त्या सारख्या असतील तर ६० मीटरचे अंतर राखावे.

वेळ आणि हजेरीची नोंद

कंट्रोल गाठल्याचा पुरावा दोन प्रकारे घेता येतो. पहिला प्रकार सुयांच्या पंचाचा. प्रत्येक पंच कार्डावर वेगळ्या नक्षीची छिद्रे पाडतो आणि शेवटी ते कार्ड नमुना कार्डाशी ताडून पाहतात. खर्च कमी, पण तपासणीला माणसे लागतात. दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. 'स्पोर्टआयडेंट' किंवा 'एमिट'सारख्या यंत्रणेत बोटावरची चिप किंवा कार्ड प्रत्येक कंट्रोलवरची वेळ साठवते, त्यामुळे प्रत्येक टप्प्याचा स्वतंत्र वेळ मिळतो. 'मॅपरन' हे फोनवरचे अॅप जीपीएसच्या साहाय्याने हेच काम करते. आवारातल्या सरावासाठी ते सोयीचे आहे, पण दाट झाडीत, उंच इमारतींजवळ जीपीएस काही मीटर चुकते. लीगच्या फेरीत फोनवर विसंबायचे असेल तर कंट्रोलवर प्रत्यक्ष निशाणी आणि पंचही ठेवावा.

सुटण्याचे अंतर साधारण दोन मिनिटे ठेवावे आणि एका मिनिटाला वेगवेगळ्या मार्गांचा एकेक स्पर्धक सोडावा. एका मार्गावर १५ स्पर्धक असतील तर पहिला आणि शेवटचा सुटण्यात २८ मिनिटांचे अंतर राहते. सुरुवात आणि शेवट येथील घड्याळे फेरीपूर्वी एकत्र लावावीत. कागदी पद्धतीत दोन्ही टोकांना दोन-दोन माणसांनी स्वतंत्र नोंद ठेवावी.

सुटलेले आणि परतलेले यांचा मेळ घातल्याशिवाय फेरी संपली असे जाहीर करू नये. अर्ध्यावर सोडणाऱ्यानेही शेवटाच्या टेबलावर येऊन नोंद करावी. न कळवता घरी निघून जाणाऱ्याला पुढच्या फेरीत बंदी, हा नियम कडक वाटला तरी ठेवावा. एकाच्या निष्काळजीपणामुळे सगळ्या कार्यकर्त्यांना रान पालथे घालावे लागते. प्रत्येकाजवळ शिट्टी आणि पाणी हवे. आयोजकांकडे प्रथमोपचार पेटी, १०८ रुग्णवाहिकेला वाट सांगता येईल असा जागेचा पत्ता आणि सर्पदंशावरचे प्रतिविष नेमके कुठे मिळेल याची आधी केलेली खात्री हवी. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचे संमतिपत्र आवश्यक आहे.

एका फेरीचे गुण

गुण देण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत.

पहिली क्रमांकावरून : पहिल्याला ५०, दुसऱ्याला ४७, तिसऱ्याला ४५ आणि पुढे एकेक कमी. समजायला सोपी, पण एका सेकंदाने हरलेला आणि वीस मिनिटांनी हरलेला यांत ती फरक करत नाही. चारच स्पर्धक असलेल्या गटात शेवटच्यालाही भरघोस गुण मिळतात. शालेय गटाला मात्र ही पद्धत चालते, कारण मुलांना आपला गुण लगेच कळतो.

दुसरी वेळेच्या प्रमाणावरून : १००० गुणिले विजेत्याची वेळ भागिले स्पर्धकाची वेळ. विजेत्याने ४० मिनिटे म्हणजे २४०० सेकंद घेतले, असे समजू. ४२ मिनिटे ३० सेकंद घेणाऱ्याला ९४१ गुण मिळतात, ५० मिनिटे घेणाऱ्याला ८००, आणि ८० मिनिटे घेणाऱ्याला ५००. प्रत्येक सेकंदाला किंमत येते आणि मागे राहिलेल्यालाही पुढच्या फेरीत सुधारण्यासाठी ठोस आकडा मिळतो. या पद्धतीचा दोष एकच. एखाद्या फेरीला राष्ट्रीय दर्जाचा पाहुणा खेळाडू आला आणि त्याने ३२ मिनिटे घेतली, तर ४० मिनिटेवाल्याचे गुण ८०० वर आणि ५० मिनिटेवाल्याचे ६४० वर येतात. त्या दिवशी गैरहजर राहणाऱ्यांचा उगाच फायदा होतो. यावर उपाय म्हणजे लीगमध्ये नोंदणी केलेल्या स्पर्धकांतील सर्वोत्तम वेळ पाया धरणे आणि पाहुण्याला निकालात स्थान देऊन लीगच्या गुणांतून वगळणे. पहिल्या तिघांच्या सरासरी वेळेचा पायाही घेता येतो. वरील उदाहरणात ती सरासरी २६५० सेकंद येते आणि विजेत्याला ११०४ गुण मिळतात. एका असामान्य धावेचा परिणाम अशाने बोथट होतो.

तिसरी संख्याशास्त्रीय : सर्वांच्या वेळांची सरासरी काढून, तिच्यापासून स्पर्धक किती दूर आहे ते प्रमाण विचलनाच्या पटीत मोजतात. सरासरी वेळेला १००० गुण देऊन पुढे-मागे प्रत्येक प्रमाण विचलनाला २०० गुण जोडतात किंवा वजा करतात. अवघड आणि सोप्या फेऱ्यांची तुलना ही पद्धत सर्वांत चांगली करते, म्हणून मोठ्या मानांकनांत तिची रूपे वापरली जातात. पण पाच-सहा स्पर्धकांच्या गटात एक जण वाट चुकला तरी सगळ्यांचे गुण हलतात. एका मार्गावर नियमितपणे वीसएक स्पर्धक येऊ लागेपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नये.

लोहाऱ्यासारख्या ठिकाणी नव्याने उभ्या राहणाऱ्या लीगसाठी दुसरी पद्धत, नोंदणीकृत विजेत्याच्या पायासह, सर्वांत योग्य आहे. गुण पूर्णांकात द्यावेत आणि अर्धा किंवा त्याहून अधिक अपूर्णांक वर घ्यावा. एकाच मार्गावर महिला आणि पुरुष, किंवा कुमार आणि प्रौढ असतील, तर गुण प्रत्येक गटाचे वेगळे काढावेत.

एखादी फेरी 'स्कोअर' प्रकारची असू शकते. त्यात क्रमाचे बंधन नसते. ४५ किंवा ६० मिनिटांत जास्तीत जास्त कंट्रोल गाठायचे असतात आणि उशिराच्या प्रत्येक मिनिटाला ठरलेले गुण कापले जातात. अशा फेरीत लीगचे गुण वेळेऐवजी मिळवलेल्या गुणांच्या प्रमाणात काढावेत : १००० गुणिले स्पर्धकाचे गुण भागिले विजेत्याचे गुण.

एखादा कंट्रोल चुकवणारा, क्रम मोडणारा किंवा मार्गासाठी ठरवलेल्या कमाल वेळेनंतर येणारा स्पर्धक शून्य गुण घेतो. सोप्या मार्गावरच्या मुलांना मात्र अशा वेळी सहभागाचे १०० गुण द्यावेत. दुसऱ्या फेरीला मूल पुन्हा यावे, यापेक्षा मोठा हेतू त्या गटात नाही.

मोसमाची बेरीज

सर्व फेऱ्यांची बेरीज घेतली तर एका फेरीला लग्न, आजारपण किंवा परीक्षेमुळे न आलेला खेळाडू कायमचा मागे पडतो आणि उरलेल्या फेऱ्यांना येणेही सोडतो. म्हणून सर्वोत्तम काही फेऱ्यांचेच गुण मोजतात. रूढ सूत्र असे : झालेल्या फेऱ्यांच्या निम्म्या, अपूर्णांक सोडून, अधिक एक. आठ फेऱ्या झाल्या तर पाच, सात किंवा सहा झाल्या तर चार, पाच झाल्या तर तीन. हे कोष्टक आधीच जाहीर असल्याने एखादी फेरी पावसामुळे किंवा वाघाच्या हालचालीमुळे रद्द झाली तरी वाद होत नाही.

फेरी भरवणाऱ्यांना त्या फेरीत धावता येत नाही, आणि इथेच बहुतेक लीग अडखळतात. मार्ग आखल्याने गुण बुडत असतील तर चांगले खेळाडू ती जबाबदारी टाळतात आणि एक-दोन माणसेच वर्षानुवर्षे राबत राहतात. म्हणून नियोजक, तपासनीस आणि फेरीप्रमुख, म्हणजे फेरीची एकूण व्यवस्था पाहणारा, यांना मोसमात एकदा आयोजक-गुण द्यावेत. पाच फेऱ्या मोजायच्या असतील तर त्या खेळाडूच्या इतर सर्वोत्तम चार फेऱ्यांची सरासरी हे त्याचे आयोजक-गुण. समजा एका खेळाडूने पाच फेऱ्यांत ९१२, ८७६, ८४१, ८०३ आणि ७६० गुण मिळवले आणि एक फेरी आखली. पहिल्या चारांची बेरीज ३४३२, सरासरी ८५८. आयोजक-गुण धरून त्याची एकूण बेरीज ४२९० होते. ते न धरता ४१९२ झाली असती. गैरवापर टळावा म्हणून किमान तीन फेऱ्या प्रत्यक्ष धावण्याची अट घालावी. चौथी फेरी नसेल तर तिन्हींची सरासरी धरावी.

गुण ज्या मार्गावर मिळाले त्याच मार्गाच्या तक्त्यात मोजावेत. खेळाडू मोसमात एकदा वरच्या मार्गावर जाऊ शकतो, पण जुने गुण सोबत नेता येत नाहीत, कारण सोप्या मार्गावरचे ९०० आणि कठीण मार्गावरचे ९०० यांची तुलना होत नाही. मोसमाअखेर दोघांची बेरीज समान आली तर प्रथम ज्याचा एका फेरीतला सर्वोच्च गुण जास्त तो पुढे. तोही समान असेल तर दोघे एकत्र धावलेल्या फेऱ्यांत जो अधिक वेळा पुढे होता तो. त्यानंतरही बरोबरी राहिली तर स्थान विभागून द्यावे.

शाळा आणि महाविद्यालयांच्या सांघिक तक्त्यासाठी प्रत्येक फेरीत त्या संस्थेच्या सर्वोत्तम तीन खेळाडूंचे गुण जोडावेत आणि तिघांत किमान एक मुलगी असावी अशी अट ठेवावी. या अटीमुळे संस्था मुलींना संघात आणतात आणि खेळ खऱ्या अर्थाने वाढतो.

तक्रारी आणि रद्द टप्पे

तक्रार शेवटाच्या टेबलावर, परतल्यापासून तीस मिनिटांच्या आत लेखी द्यावी. तिचा निर्णय फेरीप्रमुखाने त्याच दिवशी द्यावा. तो मान्य नसल्यास, त्या तक्रारीत ज्यांच्या संस्थेचा खेळाडू गुंतलेला नाही अशा तिघांच्या समितीपुढे ती जावी.

कंट्रोल चुकीच्या जागी आढळला किंवा कोणी निशाणी उचलून नेली, तर दोन पर्याय उरतात. सर्व स्पर्धकांची टप्प्यागणिक वेळ उपलब्ध असेल आणि तो टप्पा वगळल्याने कोणाचा फायदा-तोटा होत नसेल, तर त्या कंट्रोलकडे जाणारा आणि तिथून निघणारा असे दोन्ही टप्पे वजा करावेत. असा निर्णय देतानाही सावध राहावे, कारण हरवलेला कंट्रोल शोधण्यात दमलेल्याचा वेग पुढेही मंदावतो. टप्प्यांची वेळ नसेल किंवा चूक मोठी असेल, तर त्या मार्गाचा निकाल रद्द करावा आणि त्या मार्गापुरती फेरी झालीच नाही असे धरून मोजायच्या फेऱ्यांची संख्या कोष्टकाप्रमाणे बदलावी. अर्धवट गुण, अंदाजे वेळ किंवा समजुतीने दिलेला क्रमांक हे तिन्ही मार्ग लीगवरचा विश्वास उडवतात.

निकाल आणि मोसमाचा समारोप

तात्पुरता निकाल त्याच सकाळी फलकावर लावावा आणि अंतिम निकाल तीन दिवसांत प्रसिद्ध करावा. निकालात नाव, संस्था, मार्ग, वेळ आणि फेरीचे गुण असावेत. लीग तक्त्यात प्रत्येक फेरीचा स्वतंत्र स्तंभ, मोजलेल्या फेऱ्या ठळक, वगळलेल्या कंसात आणि आयोजक-गुण वेगळ्या चिन्हाने दाखवावेत. कोणाही खेळाडूला कागद-पेन घेऊन आपली बेरीज स्वतः पडताळता आली पाहिजे. लहान मुलांच्या नावासोबत जन्मतारीख किंवा फोन क्रमांक कधीही छापू नये.

शेवटच्या फेरीत चुरस टिकवण्यासाठी तिला दुप्पट गुण देण्याचा मोह होतो. तो आवरावा. सर्वोत्तम पाच फेऱ्यांच्या पद्धतीत शेवटच्या दिवशीही आपला सर्वांत कमी गुण बदलण्याची संधी प्रत्येकाला असते, आणि तेवढी चुरस पुरेशी आहे. बक्षिसांत प्रत्येक मार्गाच्या पहिल्या तिघांबरोबर मोसमात सर्वाधिक प्रगती केलेला खेळाडू आणि सर्वोत्तम मार्ग आखणारा नियोजक यांनाही स्थान द्यावे. प्रगती मोजण्यासाठी पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन फेऱ्यांच्या सरासरीतला फरक घ्यावा.

मोसम संपल्यावर महिन्याभरात तीन कामे पूर्ण करावीत. नकाशांच्या मूळ फाइली, त्यांतल्या दुरुस्त्यांसह, एका ठिकाणी जतन करणे. परवानगी देणाऱ्या वन कार्यालयाला, ग्रामपंचायतीला आणि महाविद्यालयांना संख्या व निकालासह लेखी अहवाल आणि आभारपत्र देणे, म्हणजे पुढच्या वर्षीचा अर्ज ओळखीच्या टेबलावर जाईल. आणि खेळाडूंच्या बैठकीत नियमांचा आढावा घेणे. मोसमात नियम बदलायचे नाहीत, पण मोसम संपल्यावर ते बदलण्यास संकोच करायचा नाही. बदललेले नियम दसऱ्यापूर्वी, पुढच्या आठ फेऱ्यांच्या तारखा आणि नेमलेल्या नियोजकांच्या नावांसह, प्रसिद्ध करावेत.